सहीला अडकलेला पगार

शालार्थ या शाळांच्या ऑनलाइन पगारप्रणालीत महिन्याचं पगारबिल करताना एखादं नाव वगळायला अर्धं मिनिट पुरतं. अनुदानित हायस्कूलमध्ये लिपिक असताना मी एकदा असं नाव वगळलं आहे. गणिताचे सर होते. महिनाभर हजर, शिवाय दहावीचे जादा तास. त्यांनी पेन्शनच्या नव्या खात्याचा फॉर्म भरून दिला नव्हता, एवढाच त्यांचा गुन्हा. आदेश फोनवर आला: "फॉर्म येईपर्यंत त्यांना बिलात धरू नका." मी लेखी मागितला नाही, आणि ते आजही टोचतं.

त्या सरांचं प्रकरण कोर्टापर्यंत गेलं नाही, त्यामुळे त्यातून कायदा शिकायला मिळत नाही. पण नेमकं तेच उत्तर प्रदेशात राज्यभर घडलं, तेही फोनवर नव्हे तर चक्क शासनादेशाने. म्हणून अभ्यासाला ते घेतो, आणि मध्येमध्ये आमच्या ऑफिसात डोकावतो.

उत्तर प्रदेश सरकारचा तो आदेश १६ डिसेंबर २०२२ चा. त्याच्या एका उपकलमाचा मथितार्थ असा, की राष्ट्रीय पेन्शन योजनेत नोंदणी करून ज्यांनी 'प्रान', म्हणजे त्या पेन्शन खात्याचा क्रमांक, घेतलेला नाही, त्यांचा पगार काढू नये. योगायोग बघा, दुसऱ्याच दिवशी १७ डिसेंबर, म्हणजे देशभर पाळला जाणारा पेन्शनर दिन होता. १९८२ मध्ये त्याच तारखेला सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, हे ठणकावून सांगितलं होतं. त्या निकालाच्या चाळिशीच्या पूर्वसंध्येला हा कागद निघाला.

आता मागची गोष्ट. उत्तर प्रदेशात १ एप्रिल २००५ नंतर लागलेल्यांना जुनी, म्हणजे सरकारनेच ठरावीक रक्कम द्यायची पेन्शन बंद झाली. आपल्याकडे ही रेघ १ नोव्हेंबर २००५ ला ओढली गेली, आधीच्याच दिवशी काढलेल्या शासन निर्णयाने. नव्या योजनेत कर्मचाऱ्याच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के रक्कम कापायची आणि सरकारने आपला हिस्सा घालायचा. हा हिस्सा आधी १० टक्के होता, पुढे १४ झाला. दोन्ही रकमा बाजारात गुंतवायच्या. हे सगळं बारा आकडी प्रान क्रमांकाच्या खात्यावर चालतं. महाराष्ट्रात मध्ये 'डीसीपीएस' (परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना) नावाचा एक टप्पा होता. त्या काळात कपात झाली, पण वर्षानुवर्षं खात्याचा उतारा हातात पडला नाही, ही जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांच्या शिक्षकांची तक्रार ऐकत ऐकतच माझी नोकरी झाली. नव्या योजनेवरच्या अविश्वासाचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे. नुसतं "शिक्षक हट्टी" म्हणून ते उडवून लावता येत नाही.

खरी गाठ फॉर्मात आहे. त्यावर फोटो चिकटवायचा, वारसदार लिहायचा, बँक खातं द्यायचं आणि सही करायची. सही कर्मचाऱ्याचीच लागते. सरकारने योजना सक्तीची केली, पण तिच्यात पाऊल टाकायला माणसाची सही लागते. ज्याला वाटतं की सही केली म्हणजे जुन्या पेन्शनवरचा दावा सोडला, तो पेन हातात घेत नाही. फॉर्म नाही म्हणून प्रान नाही, प्रान नाही म्हणून कपात नाही, आणि कपात नाही म्हणून सरकारी हिस्साही जमा होत नाही. लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, वरून विचारणा होते, आणि मग कुणाला तरी ती जुनी युक्ती आठवते: नाक दाबलं की तोंड उघडतं.

आमच्या सरांचा पेच थोडा निराळा होता, पण महाराष्ट्रात तो हजारदा पाहायला मिळेल. ते २००५ च्या आधी रुजू झाले, तेव्हा शाळा अंशतः अनुदानावर होती. शंभर टक्के अनुदान २००५ नंतर आलं. मग त्यांची नियुक्ती जुनी धरायची की नवी? जुन्या पेन्शनवाल्यांसारखं त्यांचं भविष्य निर्वाह निधीचं खातं उघडलेलं होतं, त्यात कपातही होत होती. अचानक सांगण्यात आलं, की तुमचं ते खातं चुकीचं, नव्या योजनेचा फॉर्म भरा. सर म्हणाले, "भाऊसाहेब, हे खातं उघडलं कोणी? मी का?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर प्रदेशातले शिक्षक अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठात गेले. २०२३ मध्ये न्यायालयाने पगार रोखणाऱ्या त्या उपकलमाला स्थगिती दिली: नव्या पेन्शन योजनेत नोंदणी केली नाही, एवढ्या कारणावरून पगार थांबवता येणार नाही. आदेश अंतरिम होता. त्याने योजना बेकायदा ठरवली नाही आणि शिक्षकांना जुनी पेन्शनही दिली नाही. पगार पेन्शनच्या भांडणातून बाजूला काढला, इतकंच. मला हे इतकंच फार मोठं वाटतं.

कायद्याचं म्हणणं काय, ते आता माझ्या समजुतीप्रमाणे मांडतो. मी वकील नाही, पण बत्तीस वर्षं बिलं केली आहेत, आणि पगाराच्या बाबतीत लिपिकाला कायद्याचा वास लागतोच.

सरकारची बाजू आधी घेऊ, कारण ती वाटते तितकी लेचीपेची नाही. सरकारी नोकरी हा करार नसतो, तो दर्जा असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या रोशनलाल टंडन खटल्यात म्हटलं आहे. नेमणुकीची सुरुवात करारासारखी होते, पण एकदा माणूस सेवेत आला की त्याच्या सेवाशर्ती सरकार नियमाने एकतर्फी बदलू शकतं. घटनेच्या ३०९ व्या कलमाखाली नियम करण्याचा अधिकार आहेच. मग योजना सक्तीची असेल तर नोंदणी ही सेवेची अट झाली, आणि अट न पाळणाऱ्यावर काहीतरी परिणाम व्हायला नको का?

व्हायला हवा. पण कोणता परिणाम, हे नियमात लिहिलेलं असावं लागतं. अट बदलायला नियम लागतो, तसा पगार अडवायलाही नियम लागतो. नुसतं परिपत्रक किंवा शासनादेश त्याची जागा घेऊ शकत नाही. घटनेचं कलम ३०० अ सांगतं, की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. पेन्शन ही मालमत्ता आहे, हे देवकीनंदन प्रसाद खटल्यात १९७१ मध्येच ठरलं. झारखंड सरकार विरुद्ध जितेंद्रकुमार श्रीवास्तव या २०१३ च्या निकालात पुढचं पाऊल पडलं: पेन्शन आणि ग्रॅच्युइटी रोखायची तर कायद्याचा आधार हवा, प्रशासकीय सूचना म्हणजे कायदा नव्हे. पेन्शनबद्दल हे खरं असेल, तर केलेल्या कामाच्या पगाराबद्दल दुप्पट खरं. पेन्शन उद्याची असते. पगार मागच्या महिन्याचा असतो आणि कामगिरी उरकलेली असते.

कोरोनाच्या वर्षात याची परीक्षा झाली. आंध्र प्रदेश सरकारने मार्च आणि एप्रिल २०२० च्या पगाराचा आणि पेन्शनचा काही भाग पुढे ढकलला. रक्कम नंतर दिली, पण प्रश्न उरला व्याजाचा. उच्च न्यायालयाने १२ टक्के व्याज द्यायला सांगितलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ६ टक्क्यांवर आणलं, पण तत्त्व पक्कं केलं: दिलेल्या सेवेबद्दल मिळणारा पगार हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे आणि तो कायद्याप्रमाणे देय आहे. तिजोरी खरोखर रिकामी होत असतानाची ही गोष्ट. एका फॉर्मासाठी पगार अडवण्याचं समर्थन मग कशाच्या जोरावर करायचं?

केरळचं उदाहरण तर जास्तच बोलकं. तिथल्या सरकारने दरमहा सहा दिवसांचा पगार पाच महिने राखून ठेवण्याचा आदेश काढला. एप्रिल २०२० च्या अखेरीस उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, कारण आदेशामागे कायदाच नव्हता. सरकारने दोन-चार दिवसांत अध्यादेश आणला आणि मग पगार राखून ठेवला. म्हणजे पगाराला हात लावायचा तर आधी कायदा करा, ही वाट सरकारला ठाऊक होती आणि ती मोकळीही होती. लखनौत मात्र नुसत्या शासनादेशावर काम भागवायला गेले.

खासगी कामगाराला निदान वेतनाच्या तारखेचा कायदा आहे. १९३६ पासून होता, आता नव्या वेतन संहितेत आहे. पण संहितेतलं पगार देण्याच्या मुदतीचं आणि कपातींचं प्रकरण सरकारी आस्थापनांना आपोआप लागू होत नाही, सरकारने तशी अधिसूचना काढली तरच लागू होतं. त्यामुळे सरकारी कर्मचाऱ्याला सात तारखेऐवजी थेट घटनेचा आधार घ्यावा लागतो. कलम १४ (समानता), २१ (जगण्याचा हक्क), ३०० अ (मालमत्ता). जगण्याच्या हक्कात उपजीविका येते, हे १९८५ मध्ये मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात ठरलेलं आहे.

यातली एक विसंगती मला फार खटकते. कर्मचारी निलंबित झाला, अगदी लाचेच्या आरोपाखाली, तरी त्याला निर्वाह भत्ता मिळतो. महाराष्ट्राच्याच एका नियमात अशी तरतूद होती, की गुन्हा सिद्ध झालेल्या आणि अपील चालू असलेल्या निलंबित कर्मचाऱ्याला दरमहा १ रुपया निर्वाह भत्ता द्यायचा. एक रुपया! सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ती तरतूद रद्द केली. म्हणजे दोषी ठरलेल्या माणसालाही घर चालवण्यापुरतं मिळालं पाहिजे. आणि सगळे तास घेतलेल्या, हजेरीपत्रकावर रोज सही केलेल्या शिक्षकाला, त्याने दुसऱ्या एका कागदावर सही केली नाही म्हणून, शून्य.

सरकारकडे दुसरे मार्ग नव्हते असंही नाही. नियम करून नोंदणी कर्तव्य ठरवता येते, कायदेशीर आदेश पाळला नाही म्हणून शिस्तभंगाची नोटीस देता येते, खुलासा मागवता येतो, चौकशी करता येते. त्याला वेळ लागतो, कागद लागतात आणि समोरच्याला बोलायची संधी द्यावी लागते. पगार थांबवायला अर्धं मिनिट. सोपं पडतं ते कायदेशीर असतंच असं नाही, पण आमच्या खात्यात दोन्ही एकच समजायची रीत पडली आहे.

आता शिक्षकांना न आवडणारी बाजू. पगाराचा हक्क जिंकला म्हणजे पेन्शनचा वाद जिंकला असं होत नाही. उलट प्रान नसलेला प्रत्येक महिना अंगावर येतो. हिशोब करून पाहा. मूळ पगार ४०,००० आणि २०२२ च्या उत्तरार्धातला महागाई भत्ता ३८ टक्के, मिळून ५५,२००. कर्मचाऱ्याचे १० टक्के म्हणजे ५,५२०, सरकारचे १४ टक्के म्हणजे ७,७२८. खातंच नाही म्हटल्यावर हे सात हजार सातशे अठ्ठावीस जमा व्हायचे कुठे? दोन वर्षं असंच चाललं तर एकट्या सरकारी हिश्श्याचे १,८५,४७२ रुपये अधांतरी राहतात, वर त्यावरची वाढ बुडते ती वेगळी. मागाहून ते मिळतीलही, पण त्यासाठी आणखी एक झगडा. जुनी पेन्शन मिळाली तर हा हिशोब गैरलागू, मान्य. पण नाही मिळाली तर? घरच्यांचा विचार करून हा आकडा एकदा कागदावर मांडावा, असं मी दोघातिघांना सांगितलं. एकाने मांडला. बाकीचे माझ्यावर चिडले.

सही केली की हक्क गेला, ही भीती मात्र नंतरच्या घटनांनी बरीचशी खोटी ठरवली. केंद्राने मार्च २०२३ मध्ये, ज्यांच्या पदाची जाहिरात २२ डिसेंबर २००३ च्या आधी निघाली होती त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय दिला. महाराष्ट्राने २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने तसाच पर्याय १ नोव्हेंबर २००५ पूर्वीच्या जाहिरातीवर नंतर रुजू झालेल्या शासकीय कर्मचाऱ्यांना दिला. उत्तर प्रदेश मंत्रिमंडळानेही जून २०२४ मध्ये तोच रस्ता धरला. यातल्या बहुतेकांचं प्रान वर्षानुवर्षं चालू होतं, त्यांनी फॉर्मवर सह्या केलेल्या होत्या. त्यांना कोणी "तुम्ही सही केली होती" म्हणून परत पाठवलं नाही. पर्याय मिळाला तो जाहिरातीच्या तारखेवर.

तरीही मी कोणाला कोरी सही करा असं सांगणार नाही. सही करायचीच असेल तर सोबत एका पानाचा अर्ज जोडावा: जुन्या पेन्शनबाबतचा माझा दावा आणि प्रलंबित याचिका अबाधित ठेवून, निषेध नोंदवून हा फॉर्म देत आहे. पोच घ्यावी. पोच म्हणजे शिक्का, सही, तारीख, आवक क्रमांक. "ठेवा टेबलावर, बघतो" ही पोच नव्हे.

आणि सही करायची नसेल तर काम सोडू नये. 'काम नाही तर वेतन नाही' हे तत्त्व खरं आहे आणि ते संपाला लागतं. मार्च २०२३ मध्ये १४ ते २० तारखेपर्यंत राज्यातले कर्मचारी 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संपावर होते. त्या दिवसांच्या पगाराचा प्रश्न वेगळा. इथे माणूस वर्गात उभा आहे. फॉर्मच्या रागात एखाद्याने दोन दिवस दांडी मारली की आपली भक्कम बाजू तो स्वतःच पातळ करतो.

दार कोणतं ठोठवायचं, यातही लोक चुकतात. राज्य शासनाचा कर्मचारी असेल तर मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला मॅट नाही, त्याने घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करायची. खासगी अनुदानित शाळेतल्याला शाळा न्यायाधिकरण जवळचं वाटतं, पण ते बडतर्फी, पदावनती असल्या गोष्टींसाठी आहे. वेतन पथकाने, म्हणजे शाळांची पगारबिलं पाहणाऱ्या शिक्षण खात्याच्या कार्यालयाने, थांबवलेल्या पगारासाठी तिथे गेलात तर वर्ष वाया जाईल. आणि कुठेही जा, पहिला प्रश्न येतो: पगार थांबवल्याचा आदेश कुठे आहे? उत्तर प्रदेशातल्या शिक्षकांना एका अर्थाने सरकारने मदतच केली, आदेश तारीख-कलमासह छापून दिला. आव्हान द्यायला काहीतरी हातात होतं. आपल्याकडचं फोनवरचं "धरू नका" कोर्टात कसं जोडणार?

फॉर्म न देणाऱ्याचं काय करायचं, याचं बरं उत्तर पुढे केंद्रानेच शोधलं. १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजना आली. कर्मचाऱ्यांनी पर्याय द्यायचा होता, मुदत आधी ३० जून, मग ३० सप्टेंबर, मग ३० नोव्हेंबर. पर्याय दिलाच नाही तर? तर तो आहे त्या राष्ट्रीय पेन्शन योजनेतच राहिला असं धरायचं. पगार चालू. गप्प बसणाऱ्याचं काय करायचं ते आधीच ठरवून ठेवलं की कोणाचं नाक दाबावं लागत नाही.

सरांचा पगार तीन महिने थांबला. दुसऱ्या महिन्यात घराच्या कर्जाचा हप्ता परत गेला, बँकेने दंड लावला. तिसऱ्या महिन्यात ते ऑफिसात आले आणि माझ्यासमोर बसून अर्ज लिहिला. चारच ओळी. पेन्शनचा त्यात उल्लेखही नाही. "माहे अमुकपासून माझे नाव वेतन देयकातून वगळण्यात आले आहे. सदर कार्यवाही कोणत्या नियमान्वये व कोणाच्या लेखी आदेशाने केली, त्याची प्रत मिळावी." मुख्याध्यापकांनी तो पत्रासोबत वर पाठवला. पुढच्या महिन्यात पुन्हा फोन आला, पुन्हा तोंडीच: "घ्या त्यांना बिलात." मागच्या तीन महिन्यांचं पुरवणी देयक मीच केलं, ते मंजूर व्हायला आणखी बरेच दिवस गेले. बँकेचा दंड सरांनी खिशातून भरला.

निवृत्तीच्या आधी दप्तर सोपवताना मी रजिस्टरं चाळली. जावकमध्ये सरांच्या त्या पत्राचा क्रमांक आणि तारीख आहे. आवकमध्ये उत्तराची नोंद नाही.